निळ्या थर्मासातली कॉफी

देवमनभाऊ गेले त्याला आता चार महिने होतील. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितले, "सर, तुमच्या प्रयोगशाळेतल्या गमती लिहा, वाचकांना आवडेल." गमती आठवायला बसलो तर प्रत्येक गमतीत देवमनभाऊ उभे. त्यांना बाजूला सारून लिहून पाहिले, जमले नाही. त्यांना घेऊन लिहायला लागलो, तर दिवसाला चार ओळींच्या वर हात चालेना. हा लेख तसाच, चार-चार ओळींनी झालेला आहे.

मी अमरावतीच्या एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात एकतीस वर्षे शिकवले. एवढे सांगितले की समोरचा माणूस माझ्या गळ्यात शिट्टी शोधतो. मी आयुष्यात शिट्टी वाजवली नाही. मल्लखांबावर चढायचा एकदा प्रयत्न केला होता, त्या वेळी उतरवून घ्यायला तिघे लागले. माझा विषय व्यायामाचे शरीरशास्त्र. माणूस पळतो तेव्हा त्याच्या हृदयाचे, श्वासाचे, स्नायूंचे काय होते ते मोजायचे आणि पुस्तकात लिहिलेय तसे का होत नाही याचा विचार करत बसायचे. त्यासाठी एक ट्रेडमिल, एक जागच्या जागी चालवायची सायकल, छातीला बांधायचा नाडीचा पट्टा आणि भिंतीवर एक तक्ता होता. आणि प्रयोगशाळा परिचर या पदावर देवमनभाऊ होते.

सगळ्यांत अवघड वस्तू तक्ता. नाडी यंत्र मोजते, पण माणसाला श्रम किती वाटतात हे यंत्राला कळत नाही, ते त्यालाच विचारावे लागते. त्यासाठी जगभर एक मोजपट्टी वापरतात, सहापासून वीसपर्यंत. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि वीस म्हणजे याच्यापुढे शक्य नाही. ट्रेडमिलचा पट्टा चालू असताना दर दोन मिनिटांनी विचारायचे, किती?

तक्ता लावला त्या दिवशी देवमनभाऊंनी तो खालून वर, वरून खाली वाचला.

"सर, एक ते पाच कोनं खाल्ले?"

मी समजावले की त्या आकड्याला दहाने गुणले की साधारण नाडीचे ठोके येतात. निवांत बसलेल्या माणसाची नाडी साठ, म्हणून सुरुवात सहापासून.

"मंग साठ लिव्हा ना सरळ. गरिबाले गुनाकार काहून?"

 

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्या वऱ्हाडात कोणी त्रास कबूल करत नाही. एक पैलवान आला होता. घामाने पट्टा ओला, नाडी एकशे ऐंशीला, ओठ पांढरे, आणि किती म्हणून विचारले की उत्तर, "सहा." शेवटी यंत्र बंद केले तेव्हा तो तीन पावले चालला, माझ्या खुर्चीत कोसळला आणि डोळे मिटून म्हणाला, "साडेसहा." याउलट एक बँकेतले साहेब. पट्टा सुरू व्हायचा होता, देवमनभाऊ नुसता प्लग लावत होते, तोच साहेबांनी सांगून टाकले, "एकोणीस."

देवमनभाऊंनी यावर उपाय केला. मला न विचारता तक्त्याशेजारी खडूने दुसरा तक्ता लिहिला. सहाला 'खाटीवर पडेल हाओ'. नऊला 'बजारात चाललो'. तेराला 'सायकलवर डबलसीट'. सतराला 'डबलसीट आन् समोर चढाव'. विसाला 'माय आठवली'. त्या दिवसापासून लोक खरे बोलू लागले. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी तो पाहून भुवया उंचावल्या, तेव्हा मी म्हणालो, स्थानिक रूपांतर आहे. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

कॉफीचा प्रयोग माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतला. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रोज सकाळी आमच्या मैदानावर पळायची आणि त्यांच्यात पळण्याआधी काय प्यावे यावर भयंकर मतभेद असत. कोणी काळा चहा, कोणी गूळ-लिंबू, कोणी डब्यातली महागडी पावडर. पुस्तकांत मात्र एका गोष्टीबद्दल बऱ्यापैकी एकमत होते. ती म्हणजे कॅफीन. वजनाच्या दर किलोमागे तीन ते सहा मिलिग्रॅम, पळण्याच्या तासभर आधी. त्याने माणूस थोडा जास्त वेळ टिकतो, आणि त्याच वेगाला त्याला श्रम कमी वाटतात. तेच पळणे, तीच नाडी, पण तो पंधराच्या ऐवजी चौदा सांगतो.

हे का होते ते मी एकदा देवमनभाऊंना सांगत होतो. थकवा आल्याची वर्दी देणारा एक पदार्थ मेंदूत साठत जातो. त्याला बसायला ठरलेल्या जागा असतात. कॅफीन आधी जाऊन त्या जागा अडवते.

"म्हंजे येष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकते," देवमनभाऊ म्हणाले.

"बरोबर. थकवा गाडीत चढतो, पण त्याला बसायला जागा नाही."

"आन् रुमालवाला उतरला का?"

"मग सगळे एकदम बसतात."

"म्हंजे थकवा गेला नाही. उभा हाय, इतकंच." त्यांनी मान हलवली. "मंग हे काई औषध नाही सर. ही सोय हाय."

मी पुढची सगळी वर्षे वर्गात हेच उदाहरण दिले. ते कुणाचे, हे मात्र सांगायचे राहून जायचे.

तर प्रयोग असा. चौदा मुले-मुली. चिखलदऱ्याच्या एका मळ्यातून कॉफीच्या बिया आणल्या आणि त्यात कॅफीन किती ते नागपूरला तपासून घेतले. मुंबईहून कॅफीन काढून टाकलेली कॉफी मागवली. चव कळू नये म्हणून दोन्हींत सुंठ. लाल थर्मासात एक, निळ्या थर्मासात दुसरी. कुठल्यात काय, हे पळणाऱ्याला कळता कामा नये आणि मलाही कळता कामा नये, कारण मला कळले तर माझा चेहरा बोलतो. कळणार ते फक्त थर्मास भरणाऱ्याला. देवमनभाऊंनी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली आणि पाकीट लाखेने बंद करून माझ्या कपाटात ठेवले. प्रत्येकाने तीन वेगवेगळ्या सकाळी पळायचे. एकदा नुसते सुंठ-साखरेचे पाणी पिऊन, एकदा लाल, एकदा निळा. आणि यायचे ते उपाशीपोटी.

त्या चौदांत करुणा तेलगोटे होती. अकोल्याजवळच्या खेड्यातली, आई अंगणवाडीत मदतनीस, वडील नाहीत. अमरावतीत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहायची आणि सकाळी पळायची. दोन भरत्या हुकल्या होत्या. दुसरी तर आठशे मीटरच्या शर्यतीतच. पहिली फेरी सगळ्यांच्या पुढे आणि दुसरीत पायांत गोळे. वयाच्या अटीत बसणारी आता एकच भरती उरली होती.

"या टायमाले नाही झालं तं साड्याच घड्या करनं हाय सर, जलमभर," ती म्हणायची. हसत म्हणायची, पण पट्ट्यावर चढली की हसायची नाही.

प्रयोग संपला, मी लाख फोडली. चिठ्ठीत लिहिले होते, निळा म्हणजे कॅफीन नसलेली. आकडे मांडले आणि उठून उभा राहिलो. पाण्यापेक्षा लाल थर्मास सरस, हे अपेक्षित होते. पण निळाही तितकाच सरस! लाल आणि निळ्यात काही फरकच नाही. म्हणजे मुलांना कॉफी प्यायल्याची नुसती समजूत झाली की तेवढ्यानेही श्रम कमी वाटतात. समजुतीचा थोडाफार परिणाम होतो हे पुस्तकांत होते, पण इतका कुणालाच सापडला नव्हता. निळी कॉफी प्यायल्यावर बसल्या जागी नाडी वाढली होती. करुणाच्या पोटात कालवले होते, चार जणांनी झोप उडाल्याची तक्रार केली होती. 'केवळ विश्वासाने निद्रानाश', मी वहीत कौतुकाने लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. शास्त्रज्ञाने कुठल्याही वाक्याखाली दोन रेघा ओढू नयेत.

मी शोधनिबंध लिहिला. नागपूरच्या एका चर्चासत्रात तो वाचायचे ठरले. त्याच्या आठवडाभर आधी अकोल्याला करुणाची भरती होती. मी तिला सांगितले, तुझी कॉफी आम्ही घेऊन येतो. आणि देवमनभाऊंना सांगितले, निळी भरा. नुसत्या विश्वासावर काम होत असेल तर खऱ्या कॅफीनची जोखीम कशाला?

पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो. करुणा आदल्या दिवशीच घरी गेली होती. मांडीवर निळा थर्मास घेऊन देवमनभाऊ खिडकीशी. मूर्तिजापूर आले तेव्हा उजाडत होते. मी खुशीत होतो. म्हणालो, "देवमनभाऊ, निबंधाच्या शेवटी तुमचे आभार मानलेत. नाव छापून येणार."

त्यांनी थर्मासाचे झाकण घट्ट केले. गाडी थांबून पुन्हा सुटली. मग म्हणाले, "सर, मायं नाव काढून टाका."

"का बरं? संकोच कसला?"

"संकोच नाही. निळ्यात खरीच कॉफी व्हती."

मला वाटले, मी नीट ऐकले नाही. "कधी?"

"पयल्या दिवसापासून."

 ते थर्मासाकडे पाहत होते.

"लेकरं सकायी उपाशी येत सर. कोनी सात-सात किलोमीटरवरून सायकलीनं ये. त्यायले काय सत काढेल कॉफी द्याची? मी पयल्या दिवशी भरली व्हती, खरंच भरली व्हती. ते करुणा आली, कप दोन्ही हातांनं धरला आन् म्हने, काका, वास किती चांगला हाय. मायाच्यानं झालं नाही. वतून देली आन् दुसरी केली. घरी आलेल्याले आपन पानी टाकेल दूध देतो काय?"

"अहो, पण प्रयोग होता तो!"

"प्रयोग तुमचा व्हता सर. कप त माया हातात व्हता."

"आणि मुंबईची ती कॉफी? दोन किलो?"

"वाया नाही घातली," ते घाईघाईने म्हणाले. "घरी नेली. मंडळीले डाक्टरनं कॉफी बंद सांगतली व्हती. तिले लय मानवली. मस्त झोपते."

दोन वर्षांची मेहनत होती. एका माणसाच्या आदरातिथ्यात ती विरघळली होती, वरून सुंठ टाकून.  मग एकदम त्यांच्या मांडीवरच्या थर्मासाकडे लक्ष गेले.

"आज काय भरलंय?"

"खरीच. थोडी कडक. लेकराचं जलमाचं काम हाय."

 कॉफीचा एक तोटा असा की श्रम कमी वाटतात म्हणून माणूस सुरुवातीला उधळतो. करुणाची मागची भरती नेमकी त्यानेच गेली होती. तिच्या मैत्रिणीने तिला शर्यतीआधी दोन कप पाजले होते, हे मला नंतर कळले होते. अठ्ठेचाळीस किलोची मुलगी, रिकामे पोट, आणि देवमनभाऊंची कडक कॉफी. मी मनात गुणाकार करत अकोल्यापर्यंत पोचलो.

पोलीस मैदानाला तारेचे कुंपण. उमेदवार आत, आम्ही बाहेर. आतून एकेका तुकडीचा पुकारा होत होता. करुणाची तुकडी तासाभरात लागणार असे कळले तेव्हा ती कुंपणाशी आली. छातीवर क्रमांक, चेहरा उतरलेला. देवमनभाऊंनी थर्मास उघडला, तेवढ्यात तिथला पहाऱ्यावरचा शिपाई आला.

"काय हाय त्याच्यात?"

"कॉफी हाय साहेब. चिखलदऱ्याची."

"मले कसं कयनार कॉफीच हाय म्हून? बाहेरचं काही देता येत नाही."

दुसरा कोणी असता तर विनवण्या केल्या असत्या. देवमनभाऊंना तो शिपाई पाहुणा दिसला. त्यांनी कप काठोकाठ भरला. "बरोबर हाय तुमचं. आधी तुमी प्या. काही झालं तं मले धरा."

शिपायाने एक घोट घेतला. मग दुसरा. "सुंठ टाकली काय?"

"टाकली."

"पायटेपासून उभा हाओ बापा. चहा नाही का पानी नाही." त्याने कप संपवला आणि मागे हाक मारली, "ओ जाधव! या इकडं!"

जाधव आले. जाधवांना एक कप झाला. जाधवांनी कौतुक केले म्हणून त्यांना आणखी अर्धा झाला. "घ्या ना, घ्या," देवमनभाऊ आग्रह करत होते, जसे काही घरचे लग्न. मी तारेला धरून डोळ्यांदेखत मिलिग्रॅम जाताना मोजत होतो. शेवटी परवानगी मिळाली तेव्हा थर्मास उलटा करून जेमतेम अर्धा कप निघाला.

करुणाने कपात पाहिले. "एवढीच, काका?"

"एवढीच राह्यली वं माय."

ती प्यायली आणि गेली.

शिट्टी झाली. दोन फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीला आठ जणींत ती सहावी. मागच्या वेळी पहिल्या फेरीला पहिली असलेली मुलगी सहावी! देवमनभाऊंनी तार इतकी घट्ट धरली की हातावर वळ उठले.

"सर, चूक झाली. वतायले नोती पाहिजे."

 त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती चौथी दिसली. मग तिसरी. समोरच्या सरळ पट्टीवर दोघी पुढच्या ढेपाळल्या आणि ती तशीच येत राहिली, त्याच पावलांनी, जणू पट्ट्यावर पळते आहे. रेषा ओलांडली तेव्हा तिच्यापुढे कोणी नव्हते. आतून वेळ पुकारली. हवी होती त्याच्या आत. आमच्याआधी जाधव ओरडले.

कितीतरी वेळाने ती कुंपणाशी आली, अजून धापा टाकत. मी विचारले, पहिल्या फेरीत मागे का राहिलीस?

"कॉफी अर्धीच व्हती ना सर," ती म्हणाली. "म्हटलं, पुरनार नाही. म्हून पयल्या चकरीत राखून ठेवलं."

मी तिला दोन वर्षे हेच सांगत होतो, आलेख काढून. देवमनभाऊंनी हळूच माझ्याकडे पाहिले आणि लगेच थर्मासाचे झाकण लावायला लागले.

निवड यादीत तिचे नाव आले. मी निबंध मागे घेतला, प्रकृतीचे कारण कळवून. आणि त्यानंतर मी जे वागलो ते लिहायला सगळ्यांत जास्त दिवस लागले आहेत. तो पूर्ण उन्हाळा मी देवमनभाऊंशी कामापुरतेच बोललो. ते रोज अकरा वाजता टेबलावर चहा ठेवत, मी मान न उचलता घेत असे. पावसाळ्यात एकदा म्हणालो, "प्रयोग पुन्हा करू. या वेळी थर्मास मी भरीन."

"करा ना सर," ते लगेच म्हणाले, खूश होऊन. "फक्त पोरायले आधी पोहे खाऊ घालू."

उपाशीपोटी येणे ही प्रयोगाची पहिली अट होती. मी हसायला हवे होते. हसलो नाही, बरं म्हणालो, आणि प्रयोग कधी झाला नाही. मी निवृत्त झालो, मागून तेही झाले आणि चांदूर बाजारला आपल्या घरी राहायला गेले. फोनवर बोलायचो, भेटू म्हणायचो. चांदूर बाजार अमरावतीहून किती लांब आहे? मी एकदाही गेलो नाही.

गेलो ते तेरवीला. अंगणात मंडप होता, त्यांच्या पत्नी आतल्या खोलीत बसल्या होत्या. करुणा अकोल्याहून आली होती. आता चांगली भारदस्त झाली आहे. जेवणे झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. ड्युटीआधी सकाळी अकोल्याच्या मैदानावर अकरा मुलींना पळवते म्हणाली. भरतीवाल्या.

"कॉफी देतेस का त्यांना?" मी विचारले.

"देतो ना सर. पन तसंच, काकायच्या रीतीनं. भरतीच्या दिवशी थर्मास नेतो. आधी पहाऱ्यावरच्या माणसाले पोटभर पाजतो. मंग उरंल ते पोरीयले, अर्धा अर्धा कप. पोरी त आता शिपायानं प्याल्याबिगर हातच लावत नाहीत. म्हनते, त्याच्याबिगर गुन येत नाही."  मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "गेल्या टायमाले चार जनी लागल्या. एक पोरगी बारावी सायन्सवाली हाय, ते लय वाद घालते माया संग. सर, खरं सांगा, हे शास्त्रात बसते काय?"

आतून देवमनभाऊंच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याही ऐकत होत्या.

"बसते," मी म्हणालो.